नाटक सुटतं किती वाजता?

आमच्या घरात पेपरमधली नाटकाची जाहिरात कोणी मोठ्याने वाचली की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “सुटतं किती वाजता?” नाटक कोणाचं, काम कोण करतंय, तिकीट केवढ्याला, हे सगळं त्यानंतर.

पुण्यात पेठेत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायचं कारण नाही. नाटक सुटलं की तो त्यावर बोलत बोलत घरी चालत जातो. आम्ही राहायचो पिंपरीला, एच. ए. कॉलनीत. शिवाजीनगरहून आमच्याकडे येणारी रात्रीची शेवटची लोकल कुठल्याच नाटकासाठी थांबत नव्हती.

एच. ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. ही कंपनी १९५४ साली पिंपरीत उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने काढलेला पेनिसिलिनचा कारखाना. बाबा तिथे फर्मेंटेशन खात्यात होते. मोठमोठ्या टाक्यांत पेनिसिलिनची बुरशी वाढवायची, हवा, तापमान, ढवळणं सगळं सांभाळायचं; आणि बुरशीला रविवार कळत नाही. त्यामुळे बाबांची पाळी फिरती आणि सुट्टीही फिरती. आसपासच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना तर सुट्टीच गुरुवारी. रविवारी नाटकाचे दोन-तीन प्रयोग लागायचे, पण आडवारी लागला तर रात्री साडेनऊचा. म्हणजे आमच्या भागातल्या कामगाराला नाटक बघायचं तर ते रात्रीचंच, आणि तेही पुण्याला जाऊन. बालगंधर्व, भरत, टिळक स्मारक, सगळी नाट्यगृहं तिकडे.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून १९७० साली नवनगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. कारखाने आले, वसाहती आल्या, शाळा, दवाखाने, भाजी मंडई आली. नाट्यगृह मात्र यायचं राहिलं होतं. तेव्हा त्याचं कोणाला वाईट वाटत असेल असं मला लहानपणी कधी जाणवलं नाही. बाबांना वाटायचं, हे मला फार नंतर कळलं.

आजी मात्र म्हणायची, “तुमचं काय घेऊन बसलात, पेठेतल्या लोकांनासुद्धा बालगंधर्व लांबच वाटायचं.” आजीचं घर शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते गेलं. त्यानंतर ती आमच्याकडे क्वार्टरमध्ये राहायला आली ती कायमची. तिच्या मनात पुणं म्हणजे नदीच्या अलीकडचं. पलीकडचं ते भांबुर्डा. शिवाजीनगर हे नाव तिच्या तोंडी कधी आलंच नाही. “नाटक म्हणजे बुधवार पेठेत. भांबुर्ड्यात नदी ओलांडून नाटकाला कोण जाणार, असं म्हणायचे लोक,” ती सांगायची.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० ला झाला तो बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात. त्यानंतर कितीतरी वर्षं पुण्याचं नाटक पेठांतच राहिलं. जंगली महाराज रस्त्यावर, नदीकाठी, मोकळ्या जागेत महापालिकेचं नाट्यगृह बांधायचं ठरलं तेव्हा जुन्या पुणेकरांना तो उपनगरात नेलेला कारभार वाटला असणार. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते भूमिपूजन झालं. पु. ल. देशपांड्यांनी त्याच्या रचनेत जातीने लक्ष घातलं. पण इमारत पुरी व्हायच्या आधीच, १५ जुलै १९६७ ला, बालगंधर्व गेले. त्यांच्या नावाच्या रंगमंदिराचं उद्घाटन यशवंतराव चव्हाणांनी केलं ते २६ जून १९६८ ला, म्हणजे त्यांच्याच जन्मतारखेला. माझा जन्म त्याच वर्षीचा, म्हणून ही तारीख मला कधी पाठ करावी लागली नाही.

आजीने लहानपणी बालगंधर्वांना स्टेजवर स्त्रीभूमिकेत पाहिलं होतं. ती त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने, ‘नारायणराव’ म्हणायची, शेजारच्या वाड्यातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. बायका शालू कसा नेसायचा ते त्यांच्याकडून शिकल्या, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी आजीकडून ऐकलंय. आम्ही तिला पहिल्यांदा बालगंधर्वला नेलं तेव्हा ती आत जायलाच तयार नव्हती. गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं तिथे आहेत, एक पुरुषरूपातलं आणि एक स्त्रीरूपातलं. आजी स्त्रीरूपातल्या चित्रासमोर उभी राहिली. दुसरी घंटा झाली, तिसरी झाली, बाबा चुळबुळायला लागले. शेवटी ती म्हणाली, “पदर असाच घ्यायचे,” आणि चालायला लागली.

त्या सहलींचा क्रम मला आजही मिनिटामिनिटाने सांगता येईल. संध्याकाळी साडेसहाला आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची. पिंपरी स्टेशन कॉलनीपासून चालत. लोकल कासारवाडी, दापोडी, खडकी करत शिवाजीनगरला. तिथून संचेतीवरून जंगली महाराज रस्त्याने सरळ, पाताळेश्वर उजवीकडे टाकून, बालगंधर्वपर्यंत चालायचं. आजी बरोबर असली तर रिक्षा. तिकीट बाल्कनीचं. बालगंधर्वला ९८९ खुर्च्या आहेत आणि त्यातल्या शेवटच्या चार रांगा आम्हाला चांगल्या परिचयाच्या होत्या. तिथून नटांचे चेहरे नीट दिसत नाहीत, पण प्रकाश मात्र वरून खाली कसा पडतो, कुठल्या विंगेतून येतो, कुठे दोन झोत एकमेकांना कापतात, हे अख्खं दिसतं. बाबांना तेच बघायचं असायचं.

‘तो मी नव्हेच’ आम्ही तिथेच पाहिलं. अत्र्यांचं नाटक, प्रभाकर पणशीकर, आणि फिरता रंगमंच. कोर्ट फिरून घर होतं आणि घर फिरून पुन्हा कोर्ट होतं, तेव्हा दादाने आणि मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाही वाजवल्या. ते पुढे वाकून बघत होते. परतताना गाडीत म्हणाले, “पणशीकरांनी काय कमाल केली ते तुम्ही सांगा मला. माझं सगळं लक्ष चाकांकडे होतं.”

पण साडेनऊचं तीन अंकी नाटक साडेबाराच्या आत क्वचित संपायचं. तिसरा अंक सुरू झाला की बाबांच्या मनगटावरचं एचएमटी घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर यायचं. बाल्कनीत अंधार, तरी रेडियमचे काटे दिसायचे. थोड्या वेळाने ते आईच्या हाताला हात लावायचे. मग आम्ही चौघं, कधी पाच जण, लोकांच्या गुडघ्यांना धक्का न लावता रांगेतून बाहेर. दारावरचा माणूस पडदा बाजूला धरायचा. बाहेर पायऱ्यांवर रस्त्याचा पिवळा उजेड, आणि मागे आत कोणीतरी काहीतरी फार महत्त्वाचं बोलत असल्याचा आवाज. अर्धं वाक्य ऐकू यायचं. पळत निघायचं.

लोकल बहुतेक रिकामी असायची. एखाददुसरा तिसऱ्या पाळीचा कामगार डबा मांडीवर घेऊन झोपलेला. गाडी सुटली की दादा विचारायचा, “बाबा, पुढे काय होतं?” आणि बाबा सांगायचे. खडकी ते पिंपरी एवढ्या वेळात अख्खा शेवट, संवादांसकट. रागावून गेलेला मुलगा परत येतो आणि दारातच आईला हाक मारतो. सासरे स्वतःहून घराच्या किल्ल्या सुनेच्या हातात देतात. इन्स्पेक्टर निघता निघता टेबलावरचा चष्मा उचलतो आणि त्यावरून सगळं उलगडतं. बाबा हात करून प्रकाशसुद्धा सांगायचे: “इथे फक्त तिच्यावर एक दिवा, बाकी सगळं हळूहळू काळं.” आम्ही झोपेने पेंगलेलो असलो तरी हे ऐकायला जागे राहायचो.

आमची समजूत होती की बाबांनी ती नाटकं आधी कधीतरी पाहिली आहेत.

बाबांचं दुसरं नाटक कॉलनीत चालायचं. गणेशोत्सवात मैदानावर ड्रमवर फळ्या टाकून स्टेज व्हायचं. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा होत्या. ते मंडळ १९५३ च्या कायद्याने झालं आणि त्याच्या स्पर्धांमुळे कारखान्या-कारखान्यांत नाटकाच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. पहिल्या पाळीचा नायक आणि दुसऱ्या पाळीची नायिका असली की तालमीला दोघं एकत्र यायची ती फक्त पाळी बदलायच्या दिवशी. बायका मिळायच्या नाहीत, म्हणून शाळेतल्या बाई, शेजारच्या वहिनी यांची मनधरणी. बाबा स्टेजवर कधी गेले नाहीत. त्यांच्याकडे दिवे.

डालडाचे रिकामे डबे आतून घासून चकचकीत करायचे, त्यात बल्ब बसवायचा, तोंडाला रंगीत जिलेटिन पेपर. हे झाले स्पॉट. पण दिवा नुसता चालू-बंद करून नाटक होत नाही. तो हळूहळू मावळावा लागतो. विकतचा डिमर घ्यायची कोणाची ऐपत नव्हती, म्हणून बाबा मिठाच्या पाण्याचा डिमर करायचे. तो ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण आता तो कुठे दिसायचा नाही आणि दिसूही नये, इतका तो धोक्याचा.

चिनी मातीची उंच बरणी घ्यायची. तळाशी धातूची एक पट्टी, तिला एक वायर. बरणीत पाणी, पाण्यात मीठ. वरून दोरीला बांधलेली दुसरी पट्टी सोडायची, तिला दुसरी वायर, आणि हे सगळं दिव्याच्या वाटेत जोडायचं. दोन पट्ट्या लांब असल्या की मधल्या पाण्यातून वीज कमी जाते, दिवा मिणमिणतो. वरची पट्टी खाली सोडत गेलं की दिवा उजळतो. पट्ट्या टेकल्या की पूर्ण प्रकाश. मीठ जास्त झालं तर दिवा एकदम भडकतो, कमी पडलं तर उजळतच नाही, म्हणून ते चिमटीने घालायचं. नाटक रंगात आलं की पाणी तापायचं, बरण्यांतून वाफ यायची, पाणी कमी व्हायचं, मग दिव्याचा अंदाज चुकायचा. बाबा विंगेत लाकडी स्टुलावर, पायात रबरी चपला, दोन्ही हातांत दोऱ्या, समोर चार बरण्या. त्यातल्या दोन आमच्या घरच्या लोणच्याच्या. आई गणपती आले की लोणचं काढून स्टीलच्या डब्यात ठेवायची.

बाबांची एकच पद्धत होती. शेवटचा प्रकाश मावळवताना मनात दहा अंक मोजायचे. “आठला नटीचा चेहरा दिसला पाहिजे, नऊला फक्त बाह्यरेषा, दहाला काही नाही. त्याच्याआधी पडदा ओढलास तर बघ,” असा पडदेवाल्याला दम.

मी विंगेत त्यांच्या पायाशी बसून कितीतरी प्रयोग पाहिले. हा माणूस दुसऱ्याच्या नाटकाचा शेवट इतक्या निगुतीने करतो आणि स्वतः एकाही नाटकाचा शेवट बघत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

लग्न होऊन मी चिंचवडगावात आले. मोरया गोसावींची समाधी, मंगलमूर्ती वाडा, खाली पवना. नवं शहर चहूबाजूंनी वाढत असलं तरी गावपण टिकलेलं. आणि इथे नाट्यगृह झालं. त्याला नाव प्रा. रामकृष्ण मोरे यांचं आहे. खेडचे खासदार, पुढे राज्याचे शिक्षणमंत्री. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं ते त्यांनी. आम्ही गावातले लोक अजून नुसतं ‘चिंचवडचं नाट्यगृह’ म्हणतो. बालगंधर्वपेक्षाही मोठं. पिंपरीत संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर, ते आटोपशीर. घरापासून पायी जाता येईल अशा अंतरावर व्यावसायिक नाटकाची गाडी येते, टपावर सेट बांधलेला, ही गोष्ट मला पहिले काही महिने खरीच वाटत नव्हती. भाजी आणायला जाताना मी मुद्दाम तिकडून जायची. मागच्या दाराशी गाडी लागलेली, पोरं सेटचे फ्लॅट उतरवून आत नेतायत, एकजण टेम्पोच्या सावलीत बसून चहा पितोय. तेवढं बघून यायची.

आई-बाबांना मी पहिल्यांदा तिथे रात्रीच्या प्रयोगाला नेलं तेव्हा ते मुक्कामाला माझ्याकडे होते. तिकिटं पुढची, सहाव्या रांगेतली. नाट्यगृहात बाल्कनी सोडून आई-बाबांनी पाहिलेलं ते पहिलं नाटक. तिसरा अंक रंगात आला आणि शेजारी हालचाल झाली. बाबांनी घड्याळ पाहिलं. मग आईच्या हाताला हात लावला. आईही सवयीने पर्स उचलून उठायला लागली. मी दोघांचे हात धरून खाली ओढले आणि कानात म्हटलं, “बाबा, घर इथेच आहे.”

ते बसले. पण शेवटपर्यंत खुर्चीच्या टोकावर. पडदा पडला, दिवे लागले, लोक उठले, तरी ते तसेच. मला वाटलं पाय आखडले. तर म्हणाले, “आठवर पडदा ओढला. घाई केली त्याने.”

त्या रात्री घरी चालत येताना मी विचारलं. ते लोकलमधले शेवट तुम्हाला कसे माहीत असायचे? बाबा थांबले. म्हणाले, “मला कुठे माहीत असायचे? पोरं झोपली तर स्टेशनपासून उचलून न्यावी लागली असती. तुम्हाला जागं ठेवायला सांगायचो.” आई मागून येत होती. ती म्हणाली, “मला माहीत होतं. पण त्यांचे शेवट बरे असायचे. सगळी घरी परत यायची.”

त्यानंतर मी एक गोष्ट केली. लहानपणी अर्धवट सोडलेल्या नाटकांपैकी जे जे पुन्हा रंगभूमीवर आलं आणि चिंचवडला लागलं, ते शेवटपर्यंत पाहिलं. परत न येणारा मुलगा पाहिला. किल्ल्या हातात घट्ट धरून बसलेले सासरे पाहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं मी वेगळीच माणसं ओळखत होते.

नाट्यगृह जवळ आलं म्हणजे नुसतं नाटक जवळ येत नाही. चिंचवडच्या स्टेजवर मी माझ्या मुलीला नर्सरीच्या स्नेहसंमेलनात फुलपाखरू झालेलं पाहिलंय, यजमानांच्या कंपनीतल्या माणसाला पंचवीस वर्षांच्या नोकरीचं घड्याळ घेताना पाहिलंय, जुन्या गाण्यांचे ऑर्केस्ट्रा पाहिलेत. उपनगरातल्या नाट्यगृहाला हे सगळं पोटात घ्यावं लागतं. नाटकवाल्यांची तक्रार असते की शनिवार-रविवारच्या तारखा अशाच कार्यक्रमांत जातात, आणि ती खरी आहे. आडवारी प्रयोग लावला तर दिवसभर काम करून आलेला माणूस येत नाही, आणि रविवार मिळत नाही. निर्मात्याला सेटची गाडी, कलाकारांची नाईट म्हणजे प्रयोगाचं मानधन, जाहिरात, भाडं असं सगळं एका प्रयोगाच्या गल्ल्यात बसवायचं असतं. तारीख हातात नसेल तर चांगलं नाटकही बंद पडतं. पण ती नर्सरीतली चारशे मुलं त्या दिवशी पहिल्यांदा विंगेत उभी राहतात, पडद्याच्या फटीतून अंधारात आईला शोधतात. माझी मुलगी आज नेपथ्य करते. तिने तो अंधार तिथेच पहिल्यांदा पाहिला. मला दोन्ही बाजू मनापासून पटतात आणि निवाडा करता येत नाही.

आणि लावणी. लावणीच्या कार्यक्रमांना आमच्याकडे जी गर्दी होते तिचा हेवा वाटावा. मी बरीच वर्षं गेले नाही. घरातल्या बाईने जायचं नसतं, असं कोणी न सांगताच मी मानलं होतं. मग ‘फक्त महिलांसाठी’ असे प्रयोग सुरू झाले. आमच्या भिशीतल्या अकरा जणी गेलो. पुरुष फक्त स्टेजवर, ढोलकीवर आणि पेटीवर. पहिल्या दहा मिनिटांत लातूरच्या एका वहिनींनी पदर खोचला आणि खुर्चीच्या रांगेतच नाचायला लागल्या. त्यांच्या सासूबाई टाळ्या देत होत्या. शिट्ट्या बायकांच्या, वन्समोअर बायकांचे. स्टेजवरची नर्तकी खाली उतरली आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या पाया पडली. कोण होत्या त्या, मला माहीत नाही. मी आजीबद्दल विचार करत होते. शालूचा पदर कसा घ्यायचा ते पुरुषाकडून शिकलेली बाई, आणि इथे बाई बायकांसमोर नाचतेय, तिच्या पायांतल्या चाळांचा भार प्रत्येकीला जाणवतोय.

आमच्या शहरात आता पिंपळे गुरवला निळू फुल्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. निळूभाऊ मुळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातले, वानवडीच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळी म्हणून काम केलं होतं. कामगारांच्या शहरात त्यांचं नाव असणं मला फार योग्य वाटतं. निगडी प्राधिकरणात गदिमांच्या नावाचं आहे. गदिमांची ‘पंचवटी’ मुंबई-पुणे रस्त्यावर वाकडेवाडीला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ लागायचं तेव्हा आमच्या कॉलनीत नुकते क्वार्टर होत होते आणि दोन-चार घरांतच रेडिओ होते, असं आजी शेजाऱ्यांकडून ऐकलेलं सांगायची.

मार्च २०२० मध्ये सगळीच नाट्यगृहं बंद झाली. ५ नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनालाच, निम्म्या प्रेक्षकांत उघडायची परवानगी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बंद, ती २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. त्या काळात मी रोज संध्याकाळी फिरायला जायचे ते नाट्यगृहावरून. जाहिरातीच्या फलकावर बंद व्हायच्या आठवड्यातल्या नाटकाचं नाव तसंच होतं. पावसाने अक्षरं एकेक करून गेली.

जानेवारी २०२४ मध्ये शंभरावं नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडला झालं. पहिलं १९०५ सालचं, दादासाहेब खापर्डे त्याचे अध्यक्ष. शंभराव्याचे अध्यक्ष डॉ. जब्बार पटेल, ज्यांनी १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं आणि जे दौंडला लहान मुलांचे डॉक्टर म्हणून काम करायचे. संमेलनाचा मांडव आमच्या गावात. मी बाबांना दोन तास घेऊन गेले. ऐकू कमी येतं, गर्दीत दम लागतो. तरी त्यांना बघायचं होतं. एका खांबाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “इथे एक सभागृह नव्हतं.” एवढंच. मग लाइटच्या टॉवरकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

नाट्यगृहातला एक तरुण लाइटवाला बाबांच्या जुन्या मंडळींपैकी एकाचा नातू आहे. मागे एकदा प्रयोगानंतर तो त्यांना वर कंट्रोल रूममध्ये घेऊन गेला होता. आता सगळं बोर्डावर. एकेक सरकपट्टी, कॉम्प्युटरवर साठवलेले क्यू म्हणजे दिव्यांचे ठरलेले बदल, बटण दाबलं की ठरलेल्या सेकंदांत प्रकाश मावळतो. बाबांनी सरकपट्टीवर बोट ठेवलं. मुलगा म्हणाला, “करा ना काका.” रिकाम्या स्टेजवर एक झोत होता. बाबांनी तो खाली आणला. त्यांचे ओठ हलत होते. दहाला अंधार झाला. ते म्हणाले, “पाणी तापत नाही ना, मग दरवेळी सारखंच येत असेल.” मुलगा म्हणाला, हो, दरवेळी सारखंच. बाबांना ते फार आवडलं.

आता मेट्रो आहे. पिंपरीहून शिवाजीनगर, पुढे बालगंधर्वजवळच्या संभाजी उद्यानाच्या स्टेशनापर्यंत गाडी बदलून जाता येतं. मुलगी म्हणाली, आजोबांना एकदा मेट्रोने बालगंधर्वला नेऊया, रात्रीच्या प्रयोगाला. मी वेळ बघितली. नाटक सुटायच्या आत शेवटची मेट्रो गेलेली असते.

म्हणून या रविवारी इथेच, दुपारी साडेबाराचा प्रयोग. परवा तिकिटविक्रीचा प्लॅन उघडला तेव्हा जाऊन कडेच्या तीन खुर्च्या घेतल्या, बाबांना पाय लांब करता येतील अशा. बाबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. घरी येऊन त्यांना मोठ्याने जाहिरात वाचून दाखवली. त्यांनी कानामागे हात धरला.

“सुटतं किती वाजता?”

“तीन वाजता, बाबा. नंतर काहीच नाही आपल्याला.”

“मग सेट काढताना बघू,” ते म्हणाले. “डोअरकीपरला आधी सांगून ठेव.”